दस्तगीर गुरुजींच्या पाट्या

मुरुमच्या एसटीत दोघांच्या बाकावर तीन माणसं बसलेली दिसली की कंडक्टर तोंड न बघताच ओळखायचा, गाडीत दस्तगीर गुरुजी आहेत. गुरुजी अंग चोरून खिडकीला टेकत, शेजारच्याला दंडाला धरून आपल्याकडे ओढत आणि उभ्या असलेल्या कुणाही अनोळखी माणसाला हाक मारत, "या, या. सरका वो जरा. जागा सगळ्यांना हाय."

मला दाटीवाटीनं बसायचा मनस्वी तिटकारा. कुणाचा कोपर बरगडीला लागला की माझं डोकं फिरतं. म्हणून मी मुद्दाम त्यांची गाडी सोडून पुढची धरायची आणि नेमके गुरुजीही त्या दिवशी पुढच्याच गाडीला असायचे. एकदा तर त्यांनी माझ्या शेजारी एका आजीला तिच्या कोंबडीसकट बसवलं. उमरग्यापर्यंत मी बोलले नाही. उतरताना गुरुजी म्हणाले, "बाई, कोंबडीनं तुमच्यापेक्षा कमी जागा घेतली." अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

गुरुजी गेल्या वर्षी गेले. त्यानंतर एसटीत बाकावर दोनच माणसं ऐसपैस बसलेली दिसली की मला उगीचच चुकल्यासारखं होतं.

मी बिराजदार बाई. मुरुमजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी निम्मी नोकरी झाली आणि त्यातला बराच काळ गुरुजी शेजारच्या वर्गावर होते. ते भूकंपानंतरच्या वर्षी आमच्याकडे बदलून आले. त्याआधी ते ज्या गावात शिकवत होते, ते गाव एका पहाटे झोपेतच खाली बसलं होतं. गुरुजी आणि त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, त्या रात्री तुळजापूरला, गुरुजींच्या बहिणीकडे मुक्कामाला होते. दुपारी ते परत पोचले, तेव्हा शाळा नेमकी कुठं होती हेच त्यांना ओळखू येईना. त्यांच्या चौथीच्या वर्गातली पंधरा पोरं गेली. हे मला गुरुजींनी कधी सांगितलं नाही. भाभींनी सांगितलं, मेथी निवडता निवडता, मान वर न करता.

तसे गुरुजी हसतमुख. उंच, थोडे वाकलेले, आणि खिशात सदा खडूचे तुकडे. धुण्याच्या पाण्याला रोज खडूचा रंग येतो म्हणून भाभी करवादायच्या. पण दोन गोष्टी मला पहिल्यापासून खटकल्या. एक म्हणजे ते वर्गाचं दार कधी मिटू देत नसत. दाराला एक मोठा दगड लावलेला असे, थंडीत पोरं कुडकुडली तरी. एकदा त्यांच्या वर्गावरून जाताना मी तो दगड पायानं बाजूला सारला. गुरुजी शिकवता शिकवता दारापाशी आले, दगड होता तिथं ठेवला आणि पुन्हा फळ्याकडे गेले.

दुसरी गोष्ट म्हणजे ते हजेरी नावानं घेत नसत. दारात उभे राहायचे, एकेका चेहऱ्याकडे बघायचे, ओठ हलायचे, पण आवाज येत नसे. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा हे पाहिलं.

"गुरुजी, हजेरी घेत नाही का तुम्ही?"

"घेतो की साहेब. बघून घेतो."

"बघून कशी घेता? नावं घ्या, मुलांना हजर म्हणू द्या."

गुरुजींनी पहिलं नाव घेतलं. पोरगं मोठ्यानं "हजर गुरुजी" म्हणालं. दुसरं नाव घ्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. साहेब बघताहेत, पोरं बघताहेत. मी माझ्या वर्गातून उठून आले, त्यांच्या हातातून पट घेतला आणि उरलेली नावं मीच वाचली. साहेबांना म्हटलं, गुरुजींचा घसा बसलाय. घसा बसला नव्हता हे साहेबांनाही दिसत होतं, पण ते समंजस निघाले. त्या दिवसापासून गुरुजी मला घरच्या माणसासारखं मानू लागले आणि मी त्यांच्या घरी जाऊ-येऊ लागले.

तिथंच मी ते मशीन पहिल्यांदा पाहिलं.

भूकंपानंतर जगभरातून मदतीच्या गाड्या आल्या होत्या. तंबू, गोधड्या, औषधं आली, तशा आपल्याकडे कुणाला उपयोग नाही अशा शेकडो गोष्टीही आल्या. गुरुजी सांगायचे, गावातला एक म्हातारा बायकांचा केसाळ कॉलरचा कोट घालून म्हशी राखायचा. त्याच ढिगात एक खोकं निघालं. सरपंचांनी आत डोकावून पाहिलं आणि निकाल दिला, "ह्याच्यावर अक्षरं हायत. मास्तरला द्या."

तो एक जुना घरगुती कॉम्प्युटर होता. म्हणजे एक जाडजूड कीबोर्डच, सगळा कॉम्प्युटर त्याच्या पोटात. बाजूला फ्लॉपी घालायची फट. टीव्हीला जोडायचा आणि चालू करायचा. ज्या देशातून तो आला तिथं वाय आणि झेड यांच्या जागा उलट असतात म्हणे. गुरुजींनी ती दोन बटणं चमच्यानं उचकटून अदलाबदल केली आणि तरीही पुढं वर्षभर ती चुकतच राहिली. सोबतचं पुस्तक मात्र नशिबानं इंग्रजीत होतं. शब्दकोश मांडीवर घेऊन गुरुजी ते वाचत बसत.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मी गेले होते. भाभींनी शीरखुर्म्याची वाटी हातात दिली आणि हळूच म्हणाल्या, "देखो बाई, वो क्या करते रहते टीव्हीपर. मेरेकू तो कुछ समझता नै."

टीव्हीवर फळ्यासारखा काळपट हिरवा रंग होता. "आधी निळा होता," गुरुजी म्हणाले. "मी बदलून घेतला. निळ्यात शाळा वाटत नव्हती." वरच्या बाजूला एक आडवी लांब चौकट होती, तिच्या माथ्यावर इंग्रजी अक्षरांत गुरुजी असं नाव. इंग्रजीत त्या चौकटीला खिडकी म्हणतात. गुरुजी पाटी म्हणत. आपल्या पाटीवर त्यांनी एक हुकूम टाइप केला आणि त्यापुढं चार आकडे, मधे तिरप्या रेघा.

"हे बघा. पहिला आकडा डावीकडून किती सोडायचं. दुसरा वरून किती. मग रुंदी, मग उंची. आणि शेवटी नाव." त्यांनी बटण दाबलं. फ्लॉपीचा ड्राइव्ह खर्र-खट् वाजला आणि खाली, नेमकी तिथंच, एक लहान पाटी उघडली. माथ्यावर नाव होतं, बालाजी. भाभींनी सांगितलेल्या त्या पंधरा पोरांतलं एक. पाटीच्या आत एकच ओळ उमटली आणि तिच्यापुढं एक छोटा चौकोनी ठिपका थांबला. मी चष्मा वर करून वाचलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, हजर गुरुजी.

"मशीन हुकमाची वाट बघतं तवा असं काहीतरी लिहून थांबतं," ते म्हणाले. "काय लिहायचं ते आपल्याला ठरवता येतं. मी हे ठरवलं."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. मला भुताखेतांच्या गोष्टींची चीड आहे. आमच्या घरी कुणी असलं काही काढलं की मी उठून जाते. पण इथं भूत नव्हतं. चार आकडे होते, एक नाव होतं आणि भर दुपारी पंखा चालू होता. तरीही मी वाटी न संपवताच खाली ठेवली.

पुढं ते रोज मशीन लावू लागले. ते सगळे हुकूम त्यांनी फ्लॉपीवर असे साठवून ठेवले होते, की मशीन चालू केलं की ते आपोआप एकेक वाचत जाई. खर्र-खट्, एक पाटी. खर्र-खट्, दुसरी. पोरं शाळेत यायची त्याच क्रमानं. आणि कुणाची पाटी कुठं, यावर गुरुजींचा विचार कधी संपत नसे. बालाजी आणि दत्ता एकमेकांच्या पेन्सिली पळवायचे, म्हणून ते दोन टोकांना. रुक्सानाला लांबचं दिसत नसे, ती गुरुजींच्या पाटीला लागून. महादेव उंच, त्याच्यामुळं मागच्यांना फळा दिसत नसे, म्हणून तो सगळ्यात खाली. महिन्या-दोन महिन्यांनी ते बैठक बदलत, आकडे खोडून नवे लिहीत. खऱ्या वर्गातही आपण बदलतोच की, असं म्हणत.

"बाई, दत्ताला ह्या कोपऱ्यात आणला तर बरा ऱ्हाईल का?" त्यांनी एकदा मला विचारलं.

"डोळे कसे आहेत त्याचे?" मी विचारलं.

विचारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मी 'आहेत' म्हणाले होते. गुरुजींच्या ते लक्षात आलं की नाही, ठाऊक नाही. "चांगले हायत," ते म्हणाले आणि आकडे बदलायला लागले.

त्या पाट्यांवर ते स्वतः कधी काही लिहीत नसत. लिहायचं ते आपल्या पाटीवर. पोरांच्या पाटीवर मास्तरनं गिरवलं की पोराचं अक्षर सुधारत नाही, हा त्यांचा शाळेतलाही नियम होता.

अशा चौदा पाट्या उघडत. पंधरावीच्या वेळी ड्राइव्ह खर्र करी, पण खट् होत नसे. गुरुजींच्या पाटीवर एक ओळ येई, मेमरी पुरत नाही. उजवीकडचा खालचा कोपरा मोकळाच राही. आणि दर वेळी, ती ओळ आली की गुरुजी टीव्हीकडे नाही, दाराकडे बघत. घराच्या दारालाही दगड लावलेला होताच.

त्या मशीनची मेमरी वाढवायचं कार्ड मिळायचं म्हणे, पण ते इथं कुठं मिळणार? सोलापूरच्या दुकानदारानं मशीन बघून नुसतं हसून दाखवलं. गुरुजींनी मग पाट्या बारीक केल्या, एकीवर एक येऊ नये म्हणून आकडे पुन्हा पुन्हा मोजले, नावं आखूड केली. थोडी मेमरी वाचे, पण पंधरावीला पुरेल इतकी कधीच नाही. अशी वर्षं गेली. ते निवृत्त झाले, मग मीही झाले. फ्लॉपी जुनी झाली की नवीवर उतरवून घेत. टीव्ही दोनदा बदलला. चौदा पाट्या उघडत राहिल्या.

मुरुमात गोष्ट लपून राहत नाही. कुणाच्या तरी पोरानं खिडकीतून पाहिलं आणि गावभर झालं की दस्तगीर गुरुजी टीव्हीत मेलेली पोरं बोलावतो. मी दोन-तीन ठिकाणी चांगलंच तोंडसुख घेऊन आले. म्हटलं, अहो, तुमच्या मोबाइलमध्ये गेलेल्या माणसांचे फोटो नाहीत का? पण अफवेला पाय फुटले ते फुटलेच. ती भूकंपानंतर वसवलेल्या गावापर्यंत पोचली, जिथं गुरुजींच्या जुन्या गावातली उरलेली माणसं राहतात. एक दिवस गोदाबाई आली.

योगायोगानं मी तिथंच होते. सत्तरी ओलांडलेली बाई, अंगात चोळी, कपाळावर गोंदण, हातात स्टीलचा डबा. दारातला दगड ओलांडून ती आत आली आणि खाली बसली. गुरुजी तिला बघून उठून उभे राहिले. इतक्या वर्षांनी एका क्षणात ओळखलं त्यांनी.

"गुरुजी, पोरं दिसत्यात म्हणं."

"दिसत न्हाईत माय. नुसती नावं हायत."

"बोलत्यात का?"

"न्हाय. हजर म्हणत्यात, येवढंच."

"मग दावा."

गुरुजींना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी मशीन लावलं. पाट्या उघडू लागल्या. गोदाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून गुरुजी एकेका पाटीवर बोट ठेवून नाव सांगत होते. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना ती नावं मोठ्यानं घेताना ऐकलं. प्रत्येक नावाला गोदाबाई मान हलवी. हा आमच्या मागल्या आळीचा. ही माझ्या नणंदेची. ह्यो लई गोरा हुता. चौदा झाली. ड्राइव्ह खर्र करून थांबला.

गोदाबाई वाट बघत राहिली. मग म्हणाली, "माझी कुठंशी हाय?"

मी गुरुजींकडे बघायचं टाळलं. भाभी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

"लक्ष्मी यायची हाय माय," गुरुजी म्हणाले. "उशिरा येती ना ती."

मला वाटलं, आता गोदाबाई रडणार. पण तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "व्हय की. उशीरच करायची. येणी घालायला लई येळ लावायची बगा. दोन येण्या, वर रिबनी." तिनं डबा टीव्हीपुढं सरकवला. "शेंगदाण्याच्या पोळ्या हायत. आली की द्या."

आणि ती उठून गेली.

ती गेल्यावर मी गुरुजींवर भडकले. "का खोटं बोललात त्या म्हातारीशी? काय मिळवलंत? आता ती परत येईल. तेव्हा काय सांगणार?"

"खोटं कुठं बोललो? यायची हाय."

"तिचं नाव आधी घाला ना मग. तिला पहिली बसवा. शेवटी दुसरं कुणी ठेवा."

"आणि बाहेर कुणाला ठिवू? तुमी सांगा, बाई. महादेवला ठिवू का रुक्सानाला?"

गुरुजींनी खिशातला खडू काढला आणि बोटांत फिरवत बसले. मग खाली बघत म्हणाले, "ती कधी पयली आली न्हाय. पयली आली तर ती लक्ष्मीच न्हवं. दारात उभी ऱ्हायची, गुरुजी येऊ का म्हणायची. आदल्या दिवशी मी तिला बोललो, बाई. उद्या उशीर केलीस तर आत घेणार न्हाय म्हटलं. हसत म्हटलं, पण म्हटलं."

मला तेव्हा दगडाचं कळलं, हजेरीचं कळलं, आणि ती ओळ आल्यावर ते दाराकडे का बघतात तेही कळलं. इतकी वर्षं तो माणूस दार उघडं धरून बसला होता आणि मशीन त्याचंच बोलणं त्याला रोज परत ऐकवत होतं.

पोळ्या कुणालाच खाववल्या नाहीत. भाभींनी त्या गाईला घातल्या, डबा घासला आणि फळीवर उपडा ठेवला. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. त्यात काय घालून द्यावं हे भाभींना सुचेना, म्हणून तो तसाच राहिला आणि येता-जाता दिसू लागला.

माझा मुलगा संगमेश पुण्याला कॉम्प्युटरचंच काम करतो. दिवाळीला आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो लॅपटॉप घेऊन गुरुजींकडे गेला. त्या जुन्या मशीनचं सोंग आजच्या लॅपटॉपला हुबेहूब वठवता येतं, हे त्यानं दाखवलं. तोच हिरवा रंग, तेच हुकूम. आणि मेमरी हवी तेवढी. "किती पाट्या हव्यात गुरुजी?" असं म्हणत त्यानं भराभर पाट्या उघडल्या. पंधरा, वीस, पन्नास. पडदा भरून गेला. मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटला हा माणूस एकदाचा.

गुरुजींनी कौतुकानं पाहिलं. संगमेशच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "लई भारी हाय, पोरा. पण हिथं कुणाला सरकावं लागत न्हाय."

"म्हणजे?"

"कितीबी येऊ द्या, कुणी अंग चोरत न्हाय. मग कोण आलं न् कोण न्हाय आलं, काय फरक पडला?"

संगमेशला ते पटलं नाही. घरी येताना म्हणाला, आई, तुझे गुरुजी हट्टी आहेत. मी म्हटलं, आहेतच. पण मनात मला गुरुजींचं म्हणणं कुठंतरी लागलं होतं. पन्नास पाट्यांच्या गर्दीत मला बालाजीची पाटी शोधूनही सापडली नव्हती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी आणि गुरुजी पेन्शनच्या कामासाठी उमरग्याला गेलो होतो. परतीच्या एसटीत लग्नसराईची गर्दी. या खेपेला गुरुजींनी मला खिडकीशी ढकललं, स्वतः मधे बसले आणि नेहमीप्रमाणे कडेला एका माणसाला बोलावून घेतलं. माझा कोपर, त्यांचा कोपर, सगळं एक झालं होतं. दाळिंब फाट्याला एक बाळंतीण चढली, कडेवर तान्हं. गुरुजींनी सवयीनं हाक मारली, "या, या. जागा सगळ्यांना हाय." आणि सरकायला गेले. पण सरकायला इंचभरही जागा नव्हती. त्यांनी मला दाबलं, मी खिडकीच्या गजाला लागले. तरी नाही. बाई उभीच, तान्हं रडायला लागलं.

गुरुजी उठले. "बसा," म्हणाले, आणि वरची दांडी धरून उभे राहिले.

त्यात नवल काय, कुणीही उठलं असतं. पण दांडी धरून उभ्या असलेल्या गुरुजींचा चेहरा मी बघत होते. ते कुठंतरी लांब बघत होते. मुरुमला उतरल्यावर चार पावलं चालून थांबले.

"बाई, जन्मभर मी लोकांना सरका सरका म्हणत आलो. सरकून भागत नसंल तर उठायचं असतं, हे ध्यानातच आलं न्हाय."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. चौदा पाट्या, आणि त्यांच्यावर ती सगळ्यात रुंद, आडवी पाटी. गुरुजींची. तिनं अडवलेली मेमरी.

"तुमची पाटी मिटवणार?" मी म्हटलं. "अहो, मग हुकूम कुठून देणार? तुम्ही पोरांच्या पाटीवर हात लावत नाही. मशीन लावून नुसतं बघत बसणार का?"

"वर्ग भरल्यावर मास्तरचं काय काम हाय?"

"आणि तुमची पाटी मिटल्यावर लक्ष्मीला बोलावणार कोण?"

ते त्यांनी चालता चालता ठरवून टाकलं होतं. "रुक्साना बोलवंल. तिच्या पाटीला आधीच सांगून ठिवायचं. गुरुजी जाईस्तवर थांब म्हणायचं, मग मैत्रिणीला हाक मार. डबा दोघी जोडीनंच खायच्या." वाटेत ते गुणगुणत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. ज्या पाटीवर बसून या माणसानं एवढी वर्षं काढली, ती मिटली की तो दिवसभर कुठं बसणार, हे मला मात्र सुचत नव्हतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर थोड्याच दिवसांनी. पुढं मला संगमेशकडे पुण्याला जावं लागलं आणि मी तिथं असतानाच ते गेले. पण ती दुपार माझ्याजवळ आहे.

मी गेले तेव्हा गुरुजी घराबाहेर, दारातल्या पायरीवर बसले होते. दाराकडे पाठ. शेजारी तो दगड. आत टीव्हीपुढं गोदाबाई बसलेली पाठमोरी दिसत होती. भाभी तिच्या खांद्याला हात लावून बसल्या होत्या, आणि टीव्हीखाली तो स्टीलचा डबा होता, झाकण लावलेला, आत काहीतरी घातलेला.

"बाहेर का बसलात उन्हात?" मी विचारलं.

गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं.

भाभींनी बटण दाबलं असावं. ड्राइव्ह वाजायला लागला. खर्र-खट्. गुरुजी मान खाली घालून ऐकत होते. प्रत्येक खट्ला त्यांचे ओठ हलत होते, आवाज न करता, जसे शाळेच्या दारात हलायचे. बालाजी. दत्ता. त्यांच्या ओठांवरून मला नावं वाचता येत होती. महादेवनंतर ड्राइव्ह थांबला. मी आत पाहिलं. वरची आडवी पाटी मिटली आणि तिच्या जागी नुसता हिरवा फळा राहिला. आत काहीच हललं नाही. गल्लीत कुणाचा तरी पाण्याचा पंप चालू होता, तेवढाच आवाज. गुरुजींनी दगडावर हात ठेवला.

मग पुन्हा एकदा, खर्र-खट्.

आतून गोदाबाईचा आवाज आला, हळू, अगदी रोजचा.

"लई उशीर केलीस गं माय."

गुरुजींनी वळून पाहिलं नाही. ते भिंतीकडे सरकले आणि पायरीवर आपल्या शेजारी हात थोपटला.

"बसा बाई," म्हणाले. "हिथं जागा हाय."

पायरी अरुंद होती. मी अंग चोरून त्यांच्या शेजारी बसले.